हमरस्त्यावर थांबावें केव्हां व कोठें?

प्रवासाला निघतांना आपल्या घरांतून पुष्कळ गोष्टींचा विचार होतो. बरोबर फराळाचें काय घ्यावें, मुलांस लोकरीचे कपडे लागतील कीं नाहीं, घराच्या किल्ल्या कोणाकडे ठेवाव्या, या सर्वांचा खल आदल्या रात्रींच होऊन जातो. गाडी किती वेगानें हांकावी याविषयींहि वडील मंडळी दोन शब्द सांगतात. परंतु गाडीनें वाटेंत थांबावें कोठें, या प्रश्नाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. धांवणें म्हणजे धोका व थांबणें म्हणजे सुरक्षितपणा अशी आपली जुनी समजूत आहे. आणि बैलगाडीच्या व टांग्याच्या काळांत ती खरीहि होती. आजच्या हमरस्त्यावर ती खरी राहिलेली नाहीं. जेथें सर्व कांहीं वेगानें धांवत आहे, तेथें जें एकटें उभें असतें, तेंच अधिक संकटांत असतें. ही एक गोष्ट घरांतील लहानथोरांस पटली, तर या लेखाचें बरेंचसें काम झालें.

पुणें जिल्ह्यांतील शिरूर व दौंड हे दोन तालुके या बाबतींत मोठे बोधप्रद आहेत. पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे २०२४ पर्यंत ज्यास आपण अहमदनगर म्हणत होतों त्या शहराकडे, जाणारा रस्ता कोरेगांव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगांव अशीं गांवें घेत घोडनदीच्या कांठीं शिरूरास पोंचतो. दौंड तालुक्यांतून पुणें-सोलापूर महामार्ग यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ या मार्गानें जातो. दौंड शहर स्वतः भीमेच्या कांठीं, या महामार्गापासून जरा बाजूस राहतें. रांजणगांव व कुरकुंभ येथें मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत, त्यामुळें मालमोटारींची रीघ अहोरात्र चालू असते. थंडीच्या दिवसांत कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला कीं उंसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टरमागें जोडलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. ज्येष्ठ-आषाढांत तुकोबारायांची पालखी यवत, वरवंड असे मुक्काम करीत याच वाटेनें पंढरपुरास जाते. आणि अष्टविनायकांच्या यात्रेस निघालेल्या कुटुंबांस तर हे दोन्ही तालुके टळतच नाहींत: रांजणगांवचा महागणपति शिरूर तालुक्यांत, मोरगांवास जाणारा एक फांटा चौफुल्यावरून, आणि सिद्धटेक दौंडच्या बाजूनें जातां भीमेच्या पैलतीरीं. म्हणजे एकाच डांबरी पट्ट्यावर अवजड कंटेनर, बैलगाडी, पायीं चालणारा वारकरी आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांस घेऊन निघालेली आपली गाडी, हीं सर्व एकाच वेळीं असतात. अशा रस्त्यावर थांबण्याचे नियम माहीत नसणें परवडणारें नाहीं.

रेल्वेचा धडा

दौंडच्या रहिवाशांस रेल्वे नवीन नाहीं. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ सालचा. कित्येक घरांतून पिढ्यान् पिढ्या रेल्वेची चाकरी झालेली आहे. त्या घरांतील जुन्या माणसांस विचारावें, कीं दोन स्थानकांच्या मध्यें गाडी बंद पडली तर गार्ड काय करतो? तो डब्यांत बसून राहत नाहीं. लाल बावटा किंवा लाल दिवा दाखवीत तो मागच्या दिशेनें चालत जातो, आणि रुळांवर चाकाखालीं मोठा आवाज करणारे डिटोनेटर नांवाचे बार लावतो. मोठ्या रुळमार्गावर सहाशें मीटरांवर एक व बाराशें मीटरांवर तीन, असा त्याचा ठराविक क्रम आहे. वस्तुतः मागची गाडी येऊं नये म्हणून सिग्नल असतोच. तरीसुद्धां उभ्या गाडीचें रक्षण करण्याची ही दुसरी व्यवस्था रेल्वेनें सोडलेली नाहीं. याचें कारण उघड आहे. उभी गाडी मागून येणाऱ्यास दिसेलच, असें रेल्वे केव्हांहि गृहीत धरीत नाहीं.

हमरस्त्यावर सिग्नलहि नाहीं व गार्डहि नाहीं. तेथें प्रत्येक कुटुंबानें स्वतःच गार्डाचें काम करावयाचें असतें. थोडें गणित करून पाहावें. ताशीं ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जाते. १०० किलोमीटर वेगाची सुमारें २८ मीटर. समोर कांहीं उभें आहे हें डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक-दीड सेकंद निघून जातो, आणि गाडी थांबण्यास पुढें आणखी अंतर लागतें. शिवाय रात्रीं मागून येणाऱ्यास पुढें केवळ एक तांबडा दिवा दिसतो. तो चालत्या गाडीचा कीं उभ्या गाडीचा, हें अगदीं जवळ येईपर्यंत कळत नाहीं. दिवाच नसेल तर तेंहि नाहीं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं; त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक राष्ट्रीय महामार्गांवर, जे लांबीनें एकूण रस्त्यांच्या अवघे दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. हमरस्ता हा साध्या रस्त्याहून किती वेगळा आहे, हें या दोन आंकड्यांवरून दिसून येतें.

उभी गाडी काय करूं शकते याचें एक दुःखद उदाहरण आपल्याच राज्यांतील आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२२ च्या डिसेंबरांत शिर्डीपर्यंत खुला झाला व २०२५ च्या जूनमध्यें पूर्ण झाला. १५ ऑक्टोबर २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ या मार्गावर एक लहान प्रवासी गाडी पुढील मालमोटारीवर मागून आदळली. बुलढाणा जिल्ह्यांतील सैलानी बाबांच्या दर्ग्याचें दर्शन घेऊन नाशिककडे परतणारीं माणसें तींत होतीं. त्यांतील बारा जणांचा अंत झाला. ती मालमोटार भर महामार्गावर तपासणीसाठीं थांबविण्यांत आली होती असा आरोप झाला, व परिवहन खात्याच्या दोघां अधिकाऱ्यांस अटक झाली. दोष कोणाचा हें ठरविण्याचें काम न्यायालयाचें. आपण घ्यावयाचा बोध एवढाच, कीं द्रुतगति मार्गावर उभें राहणें ही गोष्ट थांबविणाऱ्यानेंहि व थांबणाऱ्यानेंहि क्षुल्लक मानूं नये.

आपत्कालीन थांबा म्हणजे काय?

इंग्लंडांत १९५८ सालीं प्रेस्टन शहराबाहेर पहिला मोटारमार्ग खुला झाला. अशा मार्गांवर डाव्या कडेस एक मोकळी पट्टी ठेवण्याची पद्धत पडली. बंद पडलेल्या गाडीनें तेथें जावें, इतरांनीं तिचा उपयोग करूं नये. पुढें रहदारी वाढली, तेव्हां कांहीं मार्गांवर हीच पट्टी चालत्या गाड्यांस दिली गेली, आणि तिच्या मोबदल्यांत ठराविक अंतरांवर नारिंगी रंगाच्या फरसबंदीचे कोनाडे काढण्यांत आले. हेच आपत्कालीन थांबे. निळ्या पाटीवर नारिंगी रंगांत दूरध्वनीची खूण असते व तेथें मदतीसाठीं दूरध्वनी ठेवलेला असतो. नियम कडक आहेत: खरी आपत्ति असेल तरच तेथें शिरावें, विश्रांतीसाठीं, फोनवर बोलण्यासाठीं किंवा खाण्यासाठीं शिरूं नये, आणि कडेची पट्टी चालू असेल तर पुन्हां रहदारींत मिसळण्यापूर्वीं नियंत्रण कक्षास कळवून त्याच्या सूचनेप्रमाणें वागावें.

परंतु थांबे दूर दूर असले म्हणजे काय होतें, हेंहि तेथें दिसून आलें. ७ जून २०१९ रोजीं शेफील्डजवळ दोन वाहनांचा किरकोळ धक्का लागला. दोघे गृहस्थ एकमेकांची माहिती घेण्यासाठीं त्याच पट्टीवर उतरून उभे राहिले, आणि मागून आलेल्या मालमोटारीखालीं दोघांचाहि अंत झाला. कडेस मोकळी पट्टी नसणें हें या मृत्यूंचें एक कारण होय, असें २०२१ सालच्या चौकशींत सांगितलें गेलें. लोकमत इतकें क्षुब्ध झालें, कीं असे नवे मार्ग करण्याचा बेत तेथील सरकारनें २०२३ च्या एप्रिलांत सोडून दिला. जर्मनींत तर आणखी एक विचार दिसतो. तेथील द्रुतमार्गावर विनाकारण थांबण्यास मनाई आहेच. पण पेट्रोल संपून गाडी थांबली तरी दंड होऊं शकतो. कारण इंधन संपणें ही दैवी आपत्ति नसून निघण्यापूर्वीं कांटा न पाहण्याचा परिणाम होय. हा विचार आपल्याकडेहि रुजण्याजोगा आहे.

आपल्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर, जो २००२ सालीं पूर्ण झाला, व समृद्धि महामार्गावर कडेची पट्टी आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांस तेथें प्रवेशच नाहीं. शिरूर-दौंडचे रस्ते त्या जातीचे नव्हेत. येथें साइडपट्टी कोठें रुंद, कोठें अरुंद. कोठें तिच्यावर फळांची हातगाडी, कोठें दुरुस्तीस लागलेला ट्रक. म्हणून येथें ‘आपत्कालीन थांबा’ अशी पाटी शोधीत बसण्यापेक्षां, सुरक्षित थांब्याची जागा आपणच डोळसपणें निवडावी लागते. पेट्रोलपंपाचें आवार, बसथांब्याचा आंत घेतलेला भाग, टोलनाक्यापुढील मोकळी जागा, धाब्याचें अंगण, किंवा हमरस्त्यावरून वळून गांवांत शिरणारा रस्ता, या सर्व जागा साइडपट्टीपेक्षां शतपटीनें बऱ्या. गाडी चालण्याच्या स्थितींत असेल तर आणखी एक-दोन किलोमीटर हळूहळू जाऊन अशी जागा गांठावी. टायर बसला तरीसुद्धां हळू चालवून सुरक्षित जागीं पोंचतां येत असेल तर पोंचावें; टायर नवा मिळतो, माणूस नवें मिळत नाहीं.

आपत्ति कोणती व सवय कोणती?

आतां खरा नाजूक प्रश्न येतो. आपल्या कुटुंबांतून गाडी थांबते ती बहुधा आपत्तीमुळें नव्हे, तर सवयीमुळें. एखादें गर्द झाड दिसलें कीं त्याच्या सावलींत डबा सोडावा असें वाटतें. लग्नाच्या मंडळींच्या चार गाड्या असल्या कीं पहिली गाडी मागच्यांची वाट पाहत कडेला उभी राहते, मग दुसरी तिच्यामागें, आणि मंडळी उतरून रस्त्यावरच गप्पा मारूं लागतात. कोणाचा फोन येतो. कोणास शेतांतले ताजे हरभऱ्याचे घाटे घ्यावयाचे असतात. कोणास मावळत्या सूर्याचें छायाचित्र काढावयाचें असतें. यांतील एकहि गोष्ट आपत्ति नव्हे. गाडींत बिघाड, इंजिनांतून धूर, टायर फुटणें, अपघात, किंवा चालविणाऱ्यास अचानक आलेली ग्लानि अथवा झोंप, या आपत्ति होत. गाडींतील वडील माणसाच्या छातींत कळ आली तर ती आपत्ति खरीच; पण अशा वेळीं साइडपट्टीवर थांबून वारा घालण्यांत वेळ न दवडतां १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेस कळवावें व सांगतील त्याप्रमाणें जवळच्या रुग्णालयाची वाट धरावी.

मुलास गाडी लागून ओकारी येणें हा प्रकार मधला आहे. त्यासाठीं पिशवी, पाण्याची बाटली व पंचा हाताशीं ठेवला तर पुढील पंपापर्यंत निभावतें. स्त्रियांच्या अडचणीविषयीं मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. वाटेंत स्वच्छ शौचगृह मिळेल कीं नाहीं या भीतीनें कित्येक भगिनी सकाळपासून पाणी पीत नाहींत, संकोचानें बोलत नाहींत, आणि शेवटीं असह्य झाल्यावर अंधारांत भलत्याच ठिकाणीं गाडी थांबवावी लागते. हा दोष त्यांचा नव्हे, प्रवास आंखणाऱ्याचा आहे. घरून निघतांनाच थांबे ठरवावे, आणि प्रत्येक थांब्यावर सर्वांनीं उतरावें. म्हणजे कोणास वेगळें सांगण्याची पाळी येणार नाहीं.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांची क्षमा मागून सांगावीशी वाटते. घरांत वडिलांचा शब्द अखेरचा, हें योग्यच आहे. परंतु चालत्या गाडींत अखेरचा शब्द चक्र हातीं धरणाऱ्याचा असला पाहिजे, मग तो धाकटा मुलगा असो, सून असो किंवा पगारी चालक असो. आगगाडींतून जातांना आपण कितीहि मोठे असलों तरी ‘जरा थांबव’ असें ड्रायव्हरास सांगत नाहीं. सासऱ्यांनीं ‘येथेंच घे बाजूला’ म्हटल्यावर ‘नाहीं’ म्हणण्याचा धीर सुनेस होत नाहीं, आणि त्या एका भिडेपायीं सारें घर धोक्याच्या जागीं उभें राहतें. त्यापेक्षां निघण्यापूर्वीं घरांतील ज्येष्ठांनींच सर्वांसमक्ष सांगून टाकावें, कीं आज थांबण्याचा निर्णय चालविणाऱ्याचा. एवढ्यानें वडीलकीस कमीपणा येत नाहीं. उलट ती शोभते.

गाडी बंदच पडली तर

१. डाव्या बाजूस होईल तितकी आंत गाडी घ्यावी. वळण, पूल, चढाचा माथा व चौक येथें शक्य तों थांबूं नये. मागून येणाऱ्यास तेथें आपण दिसत नाहीं.

२. चारहि दिवे एकदम लुकलुकविणारें बटण ताबडतोब दाबावें. रात्र असेल तर मागचे तांबडे दिवेहि चालू ठेवावे, व कोणीहि त्यांच्या आड उभें राहूं नये.

३. सर्वांनीं डाव्या दारांनींच उतरावें. उजवें दार हमरस्त्यावर उघडणें म्हणजे संकटास आमंत्रण. लहान मुलाचा हात सुटूं देऊं नये.

४. उतरल्यावर गाडीच्या पुढें किंवा मागें घोळक्यानें उभें राहूं नये. लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे, नसेल तर रस्त्यापासून दूर शेताच्या बांधाकडे जावें. आणि गाडीच्या पुढील अंगास न थांबतां मागील अंगास, कांहीं अंतरावर थांबावें. मागून धक्का बसला तर गाडी पुढें फेंकली जाते, हें लक्षांत ठेवावें.

५. नव्या मोटारीबरोबर मिळणारा चकाकणारा त्रिकोण बहुतेकांच्या डिकींत वेष्टनासह पडून असतो. तो पुष्कळ मागें नेऊन ठेवावा. ताशीं १०० किलोमीटर वेगाची गाडी ५० मीटर अंतर दोन सेकंदांच्या आंतच तोडते. तो ठेवणाऱ्यानें रस्त्याच्या कडेनें, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावें. इंग्लंडांत मोटारमार्गावर त्रिकोण ठेवूं नये असें सांगतात, कारण ठेवण्यास जाणाराच सांपडण्याची भीति असते. आपल्याकडेहि द्रुतगति मार्गावर रहदारी दाट असेल तर त्रिकोणापेक्षां जीव मोलाचा, हें ध्यानांत असावें.

६. गाडी चालत्या पट्टींतच अडकली व उतरणें धोक्याचें दिसलें, तर पट्टे बांधून आंतच बसावें, दिवे चालू ठेवावे, व लगेच ११२ या क्रमांकावर कळवावें. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकहि आहे.

७. उजव्या बाजूचें चाक रहदारीच्या अंगास बसून स्वतः बदलूं नये. मदत येईपर्यंत धीर धरावा.

ट्रक व ट्रॉल्यांच्या चालकांची एक जुनी रीत आहे. गाडीचा आंस मोडला कीं ते मागें दगड मांडतात, झाडाच्या फांद्या तोडून टाकतात. दुसरें साधन नसतें तेव्हां तेंहि बरें. पण गाडी दुरुस्त होऊन निघून जाते व दगड तेथेंच राहतात. रात्रीं त्याच दगडांवर एखादा दुचाकीस्वार आपटतो. आपल्या घरचा ऊंस कारखान्यास जात असेल तर ट्रॉलीच्या मागें रिफ्लेक्टर लावला आहे कीं नाहीं व वाटेंत दगड उचलले गेले कीं नाहीं, याची विचारपूस मालकानें करावी. ऊंस आपला, तर त्याच्या वाटेवरील जबाबदारीहि आपलीच.

कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमाप्रमाणें सार्वजनिक जागीं इतरांस धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीनें वाहन उभें ठेवण्यास मनाई आहे. १२७ व्या कलमान्वयें धोकादायक जागीं पडलेलें वाहन पोलिसांस तत्काळ हलवितां येतें. २०१९ च्या दुरुस्तीनंतर रहदारी अडविणाऱ्या वाहनास २०१ व्या कलमाखालीं पांचशें रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पांचशें रुपये ही रक्कम आजच्या मानानें मोठी नव्हे, आणि म्हणूनच कायद्याच्या भीतीपेक्षां घरच्या शिस्तीवर भिस्त ठेवणें अधिक शहाणपणाचें.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर काय करावें, हेंहि येथेंच सांगणें उचित. मदतीस धांवल्यास पोलिसांचें व कोर्टाचें लचांड मागें लागेल, या भीतीनें पुष्कळ सज्जन काढता पाय घेतात. ती भीति आतां बाळगण्याचें कारण नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं मदतकर्त्यांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ सालीं कायद्यांतच १३४-अ हें कलम घालून, सद्हेतूनें मदत करणाऱ्यास दिवाणी वा फौजदारी जबाबदारींतून मुक्त केलें. मे २०२५ पासून अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपये मर्यादेचे उपचार रोख पैसे न भरतां मिळण्याची योजनाहि सुरू झाली आहे. मात्र मदतीस थांबतांनाहि वरील नियम सुटत नाहींत. अपघाताच्या जागेस लागून गाडी उभी करूं नये. पुढें जाऊन सुरक्षित जागीं थांबावें व पायीं परत यावें. केवळ पाहण्यासाठीं तर मुळींच थांबूं नये.

सरकारचें कर्तव्यहि यांत मोठें आहे. ट्रकांस थांबण्यासाठीं रस्त्याबाहेर पुरेशा जागा, स्त्रियांसाठीं स्वच्छ व उजेडाचीं शौचगृहें, बंद पडलेलें वाहन वेळेवर हलविणारी यंत्रणा, हें सर्व नागरिकांनीं मागितलें पाहिजे व मिळेपर्यंत मागत राहिलें पाहिजे. पण तें मिळेपर्यंत आपलें कुटुंब रस्त्यावर येणार नाहीं असें थोडेंच आहे? येत्या चतुर्थीस रांजणगांवास जाणाऱ्या घरांनीं आदल्या रात्रींच्या बेतांत तीन गोष्टींची भर घालावी: वाटेंतील थांबे कोणते, त्रिकोण कोठें ठेवला आहे, आणि थांबण्याचा शब्द कोणाचा. या तीन प्रश्नांचीं उत्तरें घरांतील सात वर्षांच्या मुलासहि तोंडपाठ असलीं, म्हणजे प्रवासाची तयारी पुरी झाली असें समजावें.